कॅसेटची ब बाजू

"बोल. घरी बोलतेस ना, अगदी तस्संच बोल. लाजू नकोस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली. त्यातलं एक लाल होतं.

मी पाचवीत होते. मुलुंड पूर्वेची चांगल्या नावाची शाळा. आम्ही पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी चाळीत राहायचो. त्या वर्गात आमच्या चाळीतली मी एकटी. आई ज्या घरी भांडी घासायची, त्या घरच्या आजोबांनी चिठ्ठी दिली म्हणून मला प्रवेश मिळाला होता. ही गोष्ट वर्गात सगळ्यांना माहीत होती.

टेप बाईंच्या भावाने आखातातून आणला होता. बाई तो क्रोशाच्या रुमालात गुंडाळून आणायच्या. म्हणायच्या, "फळ्याने डोळे शिकतात, यंत्राने कान शिकतात." तपासणीला आलेल्या साहेबांनीही त्यांची पाठ थोपटली होती. एवढ्या मोठ्या वस्तूसमोर आपल्याला बोलावलं याचाच मला कोण आनंद! मी हात फ्रॉकला पुसले. आधी एका सोसायटीतल्या मुलीने धडा वाचला होता. गोड, खणखणीत. मग बाईंनी कॅसेट उलटी केली होती. मला मात्र पुस्तक दिलं नाही. म्हटलं, आपल्यावर विश्वास आहे बाईंचा.

आणि मी बोलले. मनापासून बोलले.

"माजी आवस काळोखात उठता. खालच्या नळाचा पाणी हाडता. मगे कामाक जाता..."

'आवस' म्हणताच पहिल्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाक हसले. मग भिंती हसल्या. बाईंनी टेप थांबवला नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं, चालू ठेव. मी चालू ठेवलं. शेवटी मी काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

मग त्यांनी टेप मागे नेला आणि वाजवला. स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बारीक, चिरका, कुणा परक्या पोरीचा. सगळे पुन्हा हसले, आता तर सावकाश, चवीने.

"आधी ऐकलंत ते शुद्ध. हे अशुद्ध. कानाला कसं टोचतं बघा," बाई म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, तुझा दोष नाही. घरच तसं."

त्या हाताचं वजन अजून डोक्यावर आहे. त्यांनी छडी मारली असती तर मी घरी जाऊन रडले असते आणि विसरले असते.

तेव्हा मालवणी नाटकं जोरात होती. लोक तिकीट काढून आमच्या बोलीला हसायला जात. माझे बाबाही गिरणीतल्या मित्रांबरोबर गेले होते आणि पोट धरून हसले होते. पण तिथं बोलणारा आमचा होता आणि हसणारेही आमचे होते. वर्गात बोलणारी मी एकटी होते.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं, टेप. मधल्या सुट्टीत पाठीत बोट खुपसायचं आणि म्हणायचं, "ए टेप, वाज ना!" मी वाजायची बंद झाले. हजेरीला 'उपस्थित' एवढंच बोलायचे, तेही मनात आधी दोनदा घोकून. शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की दाराशी उभी राहून ओठ हलवायचे. वर्षभरात मी बाईंसारखी बोलायला लागले. त्यांच्यासारखीच मान वेळावायलाही लागले.

मग मी घर सुधारायला घेतलं. "आवस नाही, आई म्हणायचं. माका नाही, मला." आई आधी हसली. "गो बाय, मीच आवस आणि मीच म्हणू आई?" पण मी तिच्या प्रत्येक वाक्याला थांबवायचे. हळूहळू ती माझ्यासमोर कमी बोलायला लागली. आपल्याच घरात, आपल्याच चुलीपुढे.

सातवीत पालकसभा होती. मी आईला बजावलं, "आलीस तर तोंड उघडायचं नाही." ती आली. पदर तोंडाशी धरून शेवटच्या बाकावर बसली. बाईंनी काहीतरी विचारलं तर तिने नुसती मान हलवली. सभा संपल्यावर बाईंनी मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "तुझी आई मुकी आहे का गं?"

मी "हो" म्हटलं.

याची लाज मला आजही वाटते. बाईंनी माझ्याशी जे केलं ते मी माझ्या आईशी केलं, आणि मला तर कुणी टेपही आणून दिला नव्हता.

दहावी झाली, बारावी झाली. मधल्या काळात गिरणीचा संप होऊन बाबांचं काम कायमचं गेलं होतं. ते एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले होते. दोन भाऊ लहान. मी डी.एड.ला गेले, कारण मास्तरीण झाले की घर उभं राहील असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. दुसऱ्या वर्षी सराव पाठ होते. आम्ही शिकाऊ बायांनी खऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यायचे आणि मागे बसलेल्या निरीक्षकांनी वहीत शेरा लिहायचा. सगळे पाठ मंजूर झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

मला नेमकी तीच शाळा मिळाली. बाई आता मुख्याध्यापिका होत्या, आणि माझ्या निरीक्षकही.

"अगं, तू! किती छान बोलायला लागलीस! कोण म्हणेल तू त्या डोंगराखालची?"

"थँक्यू, बाई," मी म्हटलं. जीभ झडायला हवी होती. पण खरं सांगते, मला बरं वाटलं.

पाठाचा विषय बाईंनीच दिला, पाचवीसाठी शुद्ध बोलणे. "शैक्षणिक साधन हवंच. त्याशिवाय मी पाठ मंजूर करत नाही," असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. तोच क्रोशाचा रुमाल, तोच टेप. वर एक कॅसेट. बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात चिकटवलेला कागद: अ बाजू, शुद्ध. ब बाजू, अशुद्ध.

"दरवर्षी पाचवीला ऐकवते. मुलं एकदा पोटभर हसली की जन्मभर विसरत नाहीत."

"कुणाचा आवाज आहे, बाई?"

"होती कुणीतरी. आता कुठं लक्षात राहतंय."

नऊ वर्षं. दर वर्षी एक नवी पाचवी मला हसून सहावीत गेली होती. मी बातम्यांची भाषा घोकत होते, आईला गप्प बसवत होते, आणि इकडे माझा दहा वर्षांचा आवाज कपाटात बंद होता आणि वर्षातून एकदा हसण्यासाठी बाहेर काढला जात होता. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची टोकं मोडलेली दिसली. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. माझा आवाज पुसला जाऊ नये म्हणून बाईंनी एवढी काळजी घेतली होती.

नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. घरी सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर पालकसभेपासून सांगावं लागलं असतं. त्या दिवशी वीज जावी म्हणून मी देवाला नारळ बोलले. वीज गेली नाही.

पाठ सुरू झाला. बाई मागच्या बाकावर, मांडीवर माझी वही. मी फळ्यावर दोन रकाने आखले. शुद्ध, अशुद्ध. अ बाजू वाजवली. मुलं जांभया देत ऐकत होती. मग कॅसेट उलटी केली आणि बटण दाबलं.

"माजी आवस काळोखात उठता..."

वर्ग फुटला. आणि माझ्या हाताने, माझ्या याच हाताने, खडू उचलला आणि अशुद्धच्या रकान्यात 'आवस' लिहिलं. वळणदार अक्षरात. त्याखाली 'हाडता'. मागून बाईंनी मान डोलावली.

टेपमधलं हसू आणि वर्गातलं हसू एकात एक मिसळलं होतं. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसली होती, दोन वेण्यांची. ती हसत नव्हती. तळहाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसली होती. हसू आवरायला नाही. तिच्या तोंडून चुकून काही बाहेर पडू नये म्हणून. मला ते एका नजरेत कळलं, कारण मी तशी वर्षभर बसले होते.

मी टेप थांबवला. थोडा मागे नेला. कान अगदी जाळीला लावला आणि पुन्हा वाजवला. त्या हसण्याच्या खाली एक वाक्य होतं. मी ते बोलले होते हेच मी विसरून गेले होते.

"...जाताना माका सांगता, गो चेडवा, शाळेत जा. शिकलंस तर तुका कोण हसाचो नाय."

वर्गात कुणाला ते ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

"हा आवाज माझा आहे," मी म्हटलं.

"खोटं नका ना बोलू, बाई," पुढचा एक मुलगा म्हणाला.

मग मी ते सगळं पुन्हा बोलायला लागले, तोंडाने, त्यांच्यासमोर उभी राहून. आणि मला ते नीट येईना. जीभ अडखळली. 'मगे'च्या जागी 'मग' आलं. नऊ वर्षांत माझीच बोली माझ्या तोंडातून गेली होती. त्याचा मला इतका संताप आला की मी डस्टर न घेता तळहाताने फळ्यावरचे दोन्ही रकाने पुसले. आता कुणी हसत नव्हतं.

"पाठ थांबवा," बाई उठून उभ्या राहिल्या. "ती कॅसेट इकडे द्या."

मला त्या पहिल्यांदाच अहो-जाहो करत होत्या.

"ती माझी आहे," मी म्हटलं आणि पिशवीत टाकली.

बाईंनी वहीत शेरा लिहिला: साधनाचा गैरवापर, उर्मट वर्तन, पाठ नामंजूर. कॉलेजच्या सरांनी मला बोलावून समजावलं. कॅसेट परत कर, चार ओळींचं माफीपत्र लिही, पाठ पुन्हा घेऊ देतो. नाहीतर वर्ष जाईल. बोलता बोलता त्यांनी कोरा कागदही दिला. माणूस वाईट नव्हता.

तो कागद घेऊन मी घरी आले. आई कामावरून येऊन तांदूळ निवडत बसली होती. मी शाळेतलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल.

"शानपणा कित्या केलंस?" ती म्हणाली. "माफी माग. शब्दच ते. काय जाता तुझा? बापूस फाटकावर उभो रवता बारा तास, दिसना नाय तुका?"

तिचं बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर होतं आणि मी मध्ये होते. मी कागद मांडीवर घेतला. पेन उघडलं. 'माननीय बाई' एवढं लिहिणार, तोच तोंडातून दुसरंच निघालं.

"आई, सातवीत मी बाईंना सांगितलं होतं, तू मुकी आहेस म्हणून."

तिचा हात सुपावर थांबला नाही. एक खडा उचलला, बाजूला टाकला.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मी दाराभायर होतंय."

इतकी वर्षं. तिने ते ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उठून मला डबा भरून दिला होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने मला उठवलंही नाही आणि जवळही घेतलं नाही. ती तांदूळ निवडत राहिली. तेवढा हक्क तिचा होता.

माफी मला एकाच माणसाची मागायची होती. ती मागून झाली. आता दुसऱ्या कुणाची मागणार नाही.

सकाळी मी तो कागद कोराच सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कॅसेट मागितली. मी नाही म्हटलं. "वर्ष जाईल," ते म्हणाले. "जाऊ दे," मी म्हटलं. "पुन्हा सगळे पाठ घेईन. शिक्षिका मी होणारच. माझ्या वर्गात टेपही येईल. पण ते लाल बटण मूल स्वतःच्या बोटाने दाबेल, आणि कुणी हसलं तर बंदही तेच करेल."