बाजारच्या दिवसाचं वाचन

“पहिले हात पुसा, मंग पेपरले लावा,” असं म्हणत वाचनालयाचे आप्पा खांद्यावरचा पंचा पुढे करायचे. मामलेदार असो की मोळी विकायला आलेला माणूस, पंचा तोच.

लढाईच्या वर्षांत मी नंदुरबारला शाळामास्तर होतो. वाचनालय म्हणजे म्युनिसिपालिटीची एक खोली, पुस्तकांची कपाटं आणि मुंबईहून टपालाने येणारं वर्तमानपत्र. बाजारच्या दिवशी आप्पा ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचत. छापलेलं मराठी त्यांच्या तोंडून अहिराणी होऊन बाहेर पडे. डोंगरातून आलेले लोक आपल्या बोलीत काही विचारत. आप्पा अडखळत त्याच बोलीत उत्तर देत. तुम्ही ऐकलं असतं तर हसला असता. ते लोकही हसत, आप्पाही.

पायरीवर एक म्हातारी बसे. तिचा मुलगा पलटणीत गेला होता.

“आप्पा, मन्हा आंडोर शे तठली काही खबर?”

आप्पा पानं पुन्हा चाळत. “आज नही शे, माय. पुढला बाजारले ये.”

ती येई.

मग म्युनिसिपालिटीने खर्च कमी करायचा ठरवला आणि वाचनालयावर गदा आली. सभेला मी आप्पांबरोबर गेलो होतो.

“वाचता तरी येतं का त्या लोकांना?” एका सभासदाने विचारलं.

“येत नही म्हनीसनच त्या येतस,” आप्पा म्हणाले. “मन्हा पगार बंद करा. पेपर ऱ्हाऊ द्या.”

ठराव मंजूर झाला. पुढचा विषय गटारांचा होता.

पेपर बंद झाला. पुस्तकं शाळेच्या माळ्यावर गेली आणि खोलीत रेशनच्या धान्याची पोती आली. आप्पा स्टेशनवर जाऊ लागले. सुरतेची गाडी थांबली की खिडकीखिडकीशी उभे राहून वाचून झालेला पेपर मागत. “शेठ, वाची व्हयना व्हई ते पेपर द्या ना.” कुणी देई. कुणी भिकारी समजून तोंड फिरवी. आप्पा पुढच्या खिडकीशी जात. मिळालेला पेपर बहुतेक गुजराती असे. तोही ओट्यावर अहिराणीत वाचला जाई. म्हातारी मान खाली घालून ऐके.

पावसाळा सरता सरता आप्पा हिवतापाने गेले.

पुढच्या बाजारी लोक नेहमीसारखे ओट्याशी जमले. मी त्यांना सांगितलं. एकाने तंबाखू मळली, दुसऱ्याने टोपली उचलली. मग सगळे गेले. मीही घरी जाऊन जेवलो. काय जेवलो, ते आठवत नाही.

हिवाळ्यात त्याच खोलीच्या दारात मी रेशनच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे ती म्हातारी होती.

“आंडोरची काही खबर?” मी विचारलं.

“आते कोन सांगी?” ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड उघडून पुढे सरकली.