कंपनी बंद झाली त्या दिवशीचे पेढे

खराडीच्या आमच्या कंपनीत आम्ही इंटरनेटच्या यंत्रांसाठी चिप्स डिझाइन करायचो. एका दुपारी अमेरिकेतले मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. "तुमच्यासाठी मोठी बातमी आहे," एवढं म्हणून ते हसले आणि आमचंच इंटरनेट गेलं. पडद्यावर हसरा चेहरा तसाच राहिला. नवीन ऑर्डर मिळाली असणार, असं समजून मी पेढे मागवले.

पेढे आले, तेवढ्यात मॅनेजर फोनवर बोलून बाहेर आले.

"कंपनी बंद होतेय."

सगळे पेढ्यांच्या बंद बॉक्सकडे बघायला लागले. शेवटी आमच्यातले सर्वांत जुने, नारायण पेठेतले इंजिनिअर म्हणाले, "अहो, उघडा तो बॉक्स. बातमी वाईट निघाली, त्यात पेढ्यांचा काय दोष?"

रडवेले चेहरे एकदम हसायला लागले. मॅनेजरनी दोन खाल्ले.