खिलारे गुरुजी आणि मराठीतली ईश्वरविद्या

रेव्हरंड शमुवेल राणोजी खिलारे यांना मी प्रथम पाहिले ते साताऱ्याला, पाळक घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीच्या ऑफिसात. मी जतकडचा, धनगराचा पोर, नुकता मॅट्रिक झालेला. कारकुनाने प्रवेशाचा इंग्रजी अर्ज पुढे टाकला आणि 'सेवेचे पाचारण कसे झाले' या प्रश्नापाशी माझी लेखणी अडली. शेजारच्या टेबलावरून जाड भिंगांचे एक बुटके गृहस्थ उठले. त्यांनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवले. "इथं लिही. आईला सांगितलं असशील तसं लिही." कारकून म्हणाला, "बोर्डाला चालणार नाही, सर." "बोर्डाला मी वाचून दाखवीन," गुरुजी म्हणाले. आणि खरोखरच त्यांनी वाचून दाखवला.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला पत्र लिहिले आहे की मजकूर सौम्य असावा, 'परीक्षेचे ते प्रकरण' टाळावे. का म्हणून टाळावे? गुरुजींची साठी साजरी करायची आणि ज्याच्यासाठी त्यांनी हाडाची काडे केली तेवढेच नेमके गिळायचे! मला ते जमणार नाही. छापायचे नसेल तर लेख परत पाठवावा.

त्या काळी ईश्वरविद्येची पदवी मिळे ती इंग्रजीतच. मराठीत शिकणाऱ्याच्या हातावर साधे प्रमाणपत्र ठेवत. गुरुजींनी बोर्डाशी भांडून मराठी पदवीवर्ग काढला. "आपल्या पंथाच्या मूळपुरुषांना विलायतेत चर्चची दारं बंद झाली तेव्हा ते कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभे राहून बोलले," ते म्हणत. "त्या मजुरांशी काय लॅटिन बोलले?"

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. रविवारी आम्ही खेड्यांवर उपदेशाला जात असू. सोमवारी प्रत्येकाने लोकांनी विचारलेला एक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, वर्गात आणायचा. ज्याने आणला नाही त्याला ते विचारत, "काल बोललास, की नुसता वाजलास?" एकदा मी प्रश्न घरीच रचून नेला आणि कडेगावच्या एका बाईंच्या नावावर खपवला. गुरुजी म्हणाले, "हा तुझा आहे. ती बाई 'तथापि' म्हणत नाही." वर्ग खो खो हसला. पुढच्या रविवारी मी कडेगावला गेलो आणि कान उघडे ठेवून बसलो.

आता ते प्रकरण. पदवीच्या आधी प्रत्येकाला परीक्षकांपुढे प्रवचन करावे लागे. रीत ते चॅपेलात करायची, पण गुरुजींनी मला लोणंदच्या मेंढरांच्या बाजारात उभे केले. लढाईचे दिवस होते. स्टेशनावर फौजेत निघालेली पोरे, बाजारात मोलभाव, धूळ, बेबे. दोन परीक्षक छत्र्या उघडून लांब उभे राहिले. मी बैलगाडीवर चढून हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा येशूचा दाखला सांगू लागलो, अगदी ग्रंथातल्या मराठीत. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा पुढे आला.

"आवं पाद्रीबाबा, येकासाठी नव्याण्णव सोडून गेला म्हंतासा. ती कुनाच्या भरवशावर?"

मी धनगराचा पोर! पण तोंडातून निघाले ते पुस्तकच. "तो दैवी प्रीतीचा अतिरेक होय."

"मंग लांडग्याला सांगायचं व्हय, आतिरेक हाय, जरा दमानं घे म्हून?"

बाजार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग माझी बोलीच उसळून आली. "चुकलो, आबा. माझा बा असता तर त्यानं आदी कुत्रं बसवलं असतं," म्हणत मी गाडीवरून खाली उतरलो. आबा आणि भोवतीचे धनगर वाद घालत होते, मी घालत होतो. अर्धा तास कोणी हलले नाही. परीक्षकांनी शेरा लिहिला: 'भाषा ग्राम्य. श्रोत्यांशी वाद. नापास.'

बातमी गावी पोचली आणि बा थेट सेमिनरीत आला. "लय झालं शिक्शान. चल मेंढरांमागं." मी ट्रंक भरायला घेतली. तेवढ्यात गुरुजी बाहेर आले. "आवं पावणं, जरा वर्गात या." त्यांनी बाला स्वतःच्या खुर्चीत बसवले. तो बसेना, तेव्हा खांद्याला धरून बसवले. आणि आम्हां सगळ्यांसमक्ष बाजारातल्या म्हाताऱ्याचा तोच प्रश्न त्याला विचारला.

"मास्तर, येक गेलं की ऱ्हायलेली बी धड चरत न्हाईत. माना वर करून हुबी ऱ्हात्यात. म्हून जायाचं."

गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतले. मग म्हणाले, "पोराला चार महिने माझ्याकडं राहू द्या." बा एकटाच परत गेला.

चार महिन्यांनी सांगलीला वार्षिक परिषद भरली. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, जुनी रीत अशी की परिषदेत एकेका उपदेशकाचे नाव पुकारतात आणि अध्यक्ष विचारतात, "यांच्याविरुद्ध काही आक्षेप?" सभा म्हणते, "काही नाही," आणि नाव मंजूर होते. मंजुरीवाचून नेमणूक नाही. पण हा सगळा उपचार. निम्मी सभा डुलक्या घेत असते. गुरुजींचे नाव आले. सभा सवयीने म्हणाली, "काही नाही." गुरुजी उभे राहिले.

"आहे. आक्षेप मीच घेतो. विद्यार्थी जे बोलला ते मी शिकवलेलं होतं. तो नापास, तर मी पास कसा? त्याचा निकाल बदला, नाहीतर माझं नाव मंजूर करू नका."

"खिलारे, खाली बसा," अध्यक्षस्थानी असलेले बिशपसाहेब म्हणाले.

"बसतो. पण आक्षेप उभाच आहे."

घरात तीन मुली, राहायला घर सेमिनरीचे. नेमणूक गेली असती तर छप्परही गेले असते. दोन दिवस त्यांचे नाव अधांतरी लटकत राहिले. मी साताऱ्याला गुरुजींच्या घरी खिलारेबाईंकडे जाऊन रडलो. त्या पितळेची भांडी पोत्यात भरत होत्या. "रडतोस काय रं? हे पोतं धर," एवढेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी परिषदेत त्या दोन परीक्षकांपैकी वृद्ध पाळक उठले. "बाजार अर्धा तास हलला नाही, हे मी पाहिलं होतं आणि लिहिलं नाही," ते म्हणाले. माझा निकाल बदलला, आणि माझ्यामागून आणखी दहा जणांनी मराठीत पदवी घेतली.

आणि आज? बोर्डाचे परिपत्रक निघाले आहे: खिलारे साठीनंतर निवृत्त होतील, योग्य अध्यापक नसल्यामुळे मराठी पदवीवर्ग बंद करण्यात येईल. म्हणजे गुरुजींच्या खांद्यावर शाल आणि वर्गाला कुलूप! योग्य अध्यापक नाहीत? मग आम्ही अकरा जण कोण आहोत? गुरुजींनी घडवलेले योग्य नसतील, तर हा सत्कार तरी कशाचा चालला आहे?

आम्ही अकराही जण गेल्या महिन्यात कराडला जमलो. प्रत्येकाने आपल्या मंडळीकडून वर्षातला एक महिना मागून घेतला आहे. कराडच्या मंडळीने शाळेची खोली दिली आहे. अर्ज चार आले, चारही मराठीत. बोर्ड पदवी देईल की नाही, ते बोर्डाने ठरवावे. शिकवायचे की नाही, ते आम्ही ठरवले आहे.

गुरुजी, परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो, गुडघ्यांत बळ देवो आणि सांगलीच्या परिषदेतला तो आवाज शेवटपर्यंत शाबूत ठेवो. सुखाच्या विश्रांतीची शुभेच्छा इतरांनी दिली असेल, मी देत नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता कराडला वर्ग भरतो आहे. पहिला तास तुमचा.