मारणारा हात कुणाचा

मोठ्या बाईंनी मला माझ्याच वर्गासमोर उभं केलं.

मुलुंडची शाळा. सकाळची वेळ. मी चौथीला शुद्धलेखन घालत होते. मुख्याध्यापिकेला आम्ही सगळेच मोठ्या बाई म्हणायचो. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही.

"काय म्हणालात? परत म्हणा."

मी म्हणाले, "घागरीतलं पानी."

"पानी नाही. पाणी. म्हणा."

मला येत होतं. डी.एड.ला मी पहिल्या पाचात होते. पण माणूस थकला, घाबरला, की जीभ आपल्या घरी पळते. तोंडातून परत तेच निघालं. पानी.

मोठ्या बाई मुलांकडे वळल्या. हसून म्हणाल्या, "मुलांनो, आज आपण बाईंना शिकवू या हं. म्हणा सगळे, पाऽणी."

पोरं ओरडली. पाऽणी. त्यांना मजा वाटली. एकदा पोरं, मग एकटी मी. परत पोरं, परत मी. दहा वेळा. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. दारात शाळेचे क्लार्क फाईल घेऊन थांबले होते. त्यांच्याकडे बघून मोठ्या बाई म्हणाल्या, आवाज जरासुद्धा न उतरवता, "राखीव जागा भरावी लागते हो. भोगतात ती बिचारी मुलं."

मी खाली मान घालून उभी. डोक्यात मात्र मी त्यांचा चष्मा फोडत होते. काच त्यांच्या गालात रुतवत होते. आणि तोंडानं म्हणत होते, "हो बाई. सुधारते बाई."

साडेबाराला शाळा सुटली. मी घरी आले. माझी मुलगी सुजाता, आमची सुजू, सात वर्षांची. ती तिच्या शाळेतून येऊन दप्तर न काढताच बसली होती. मला बघून म्हणाली, "आई, पानी दे ना."

मी तिच्या तोंडावर मारलं.

ती मागे भिंतीवर आदळली. मी दंड धरून तिला उठवलं. "म्हण. पाणी म्हण." ती रडत होती, तिला बोलताच येईना. मी परत मारलं. लाकडी पट्टी घेतली. पट्टी मोडली तशी हातानं. ती खाटेखाली शिरायला लागली. मी तिचा हात धरून ओढला. पिळला. एक आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. मग सुजू ओरडायची थांबली. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

पालिकेच्या रुग्णालयात मी सांगितलं, जिन्यावरून पडली. हाडांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं मला बाहेर काढलं आणि पोरीला एकटीला विचारलं. सुजू म्हणाली, "मी चुकीचं बोलले म्हणून."

डॉक्टर बाहेर आला. "पुन्हा असलं हाड घेऊन आलात तर पोलिसांना बोलावीन. आणि दर गुरुवारी वरच्या मजल्यावर जायचं. मनाच्या डॉक्टरबाई बसतात तिथे."

नवरा बस डेपोत मेकॅनिक. पोरीचा प्लास्टरमधला हात बघून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू जा तिथं. नाही गेलीस तर मी सुजूला घेऊन गावाला जातो." सासू म्हणाली, "आता येड्यांच्या डाक्तरकडं जायची का?" मी गेले. सुधारायला नाही गेले. पोरगी जाईल या भीतीनं गेले.

लहानशी खोली. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला हिरवा पडदा. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. सुती साडी, आणि बोलणं असं की प्रत्येक अक्षर धुऊन वाळवून ठेवलेलं. मी पहिल्याच दिवशी त्यांचा द्वेष केला.

मी म्हटलं, "गोळी द्या. उपाय सांगा."

त्या म्हणाल्या, "गोळी नाही. तुम्ही बोला. मनात येईल ते. तो राग येतो कुठून, ते आपण बघू."

"मोठ्या बाईंकडून येतो. अजून कुठून?"

"मग तो सुजूवर का निघतो?"

मी म्हटलं, "चुकते ती. म्हणून."

असे महिने गेले. मी उशिरा जायची. कधी वार विसरायची. गेले तरी अर्धा वेळ गप्प. त्या रागवत नसत. विचारायच्या, "आज यावंसं वाटत नव्हतं का?" मला वाटायचं, ही उलटतपासणी आहे. त्यांच्यासमोर मी शब्द निवडून, पारखून बोलायची. चूक होऊ नये म्हणून दिसेल त्या 'न'चा 'ण' करायची. घरी आल्यावर जबडा दुखायचा.

मध्ये मी सुजूला परत मारलं. एकदाच. हे लपवणार नाही. तिचं प्लास्टर निघून महिना झाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी तिची वेणी घालताना मी विचारलं, "सुजू, मी मारते तेव्हा तुला काय वाटतं गं?"

ती आरशात बघत म्हणाली, "तू मारताना हसतेस."

माझ्या हातातली वेणी सुटली. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस."

"खरंच. थोडंसं हसतेस."

मी ते गुरुवारी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. तीन गुरुवार मी ते घशात धरून बसले. चौथ्या गुरुवारी मी दुसरंच काहीतरी सांगत होते. म्हटलं, "राग अणावर होतो."

त्यांची सवय होती, आपलं वाक्य परत म्हणायची. त्या हळू म्हणाल्या, "राग अनावर होतो."

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलून फेकला. त्यांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. मी उभी राहून ओरडत होते. "तुमीबी तसल्याच! सगळ्या तसल्याच! माझं तोंड काय तुमच्या बापाचं हाय?" कितीतरी वर्षांनी माझी खरी बोली माझ्या तोंडातून बाहेर पडत होती, आणि ती शिव्या होऊन पडत होती.

बाहेरून वॉर्डबॉय धावत आला. डॉक्टरबाईंनी त्याला हातानंच परत पाठवलं. त्या म्हणाल्या, "मी तुमचा शब्द दुरुस्त केला असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं न्हाई. केलात."

त्यांनी भिंतीजवळच्या काचांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. केला. माझ्या लक्षातही आलं नाही. चूक माझी." मग खुर्ची पुढे ओढून, "पण आत्ता तुम्ही ज्या बाईवर ओरडत होतात, ती एकटी मीच नव्हते. कोण होती?"

माझ्या तोंडातून निघालं, "काकू."

एवढ्या महिन्यांत ते नाव मी एकदाही घेतलं नव्हतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाप मी पाच वर्षांची असताना गेला. आई मला घेऊन घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहिली. आईला मी तेव्हा आये म्हणायची. आये खाली सोसायटीत भांडी घासायची. त्यातलं एक घर काकूंचं. काकू शाळामास्तरीण होत्या. मी हुशार आहे हे त्यांना कळलं, आणि त्या मला फुकट शिकवायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटी घेऊन बसायची. उंबऱ्याच्या आत नाही. पण मला काकू फार आवडायच्या. पावडरचा वास यायचा त्यांना. त्यांच्यासारखं बोलता यावं म्हणून मी रात्री गोधडीत पुटपुटायची.

त्यांनी पहिलं काय केलं, तर आयेची आई केली. "आये काय गं, गावंढळासारखं. आई म्हण." मी म्हणायला लागले. मग पाणी. ते काही जमेना. मग काकू मोरीकडे तोंड करून हाक मारायच्या, "अगं, ही ऐकत नाही बघ."

आणि आये यायची. हात राखेनं भरलेले. यायची आणि माझ्या तोंडावर मारायची. सगळ्या बळानं. ओठ दातांवर फुटायचा. राख आणि रक्त एकदम जिभेवर. काकू खुर्चीत बसलेल्या. थोडंसं हसायच्या. "हं, आता येईल." आणि यायचं. मी म्हणायची, पाणी. मग काकू वरून, हात न लावता, माझ्या ओंजळीत बेसनाचा लाडू टाकायच्या.

मी तो लाडू खायची. आयेकडे रागानं बघत खायची.

डॉक्टरबाईंसमोर हे सांगताना मी थांबले. मला सुजूचं बोलणं आठवलं. तू मारताना हसतेस. मी ते आता सांगितलं. आणि सांगतानाच दिसलं. सुजूला बडवणारा हात आयेचा होता. पण माझ्या तोंडावरचं ते हसू काकूंचं होतं. मोठ्या बाईंना मी मनात फाडत होते, आणि घरात मी त्यांच्याच बाजूनं मारत होते. ज्या पोरीला मी मारत होते ती सुजू नव्हती. दाराशी पाटी घेऊन बसलेली, पानी म्हणणारी पोर होती. मला तिला मारून टाकायचं होतं.

मला उलटी झाली. तिथंच, फरशीवर. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं.

कुणाला वाटेल, कळलं आणि सुटले. तसं होत नाही. पुढं वर्षभर मी तेच परत परत उकरलं. हात उचलला जायचा. पण आता तो उचलताना मला दिसायचा. दिसला की मी तो भिंतीवर मारायची, आणि सुजूला सांगायची, "तुझी चूक नाही. बाहेर खेळ जा." ती जायची. लगेच विश्वास ठेवायची नाही, पण जायची.

एका रविवारी मी आयेकडे गेले. म्हातारी तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "काकूंच्या घरी तू मला का मारायचीस?"

तिनं मान वर केली नाही. "म्या न्हाय मारलं तर तिनं हाकलली असती. तुजं शिकनं सुटलं असतं." मग जरा वेळानं, "माजा हात दुखायचा गं मारून. पर तिला बरं वाटायला पायजे हुतं ना."

मी तिचे हात धरले. तिनं काढून घेतले. तांदूळ निवडायला लागली.

गिरण्यांचा संप मोडल्यावर कितीतरी कुटुंबं परळ सोडून आमच्या भागात राहायला आली होती. त्यातली एक मालवणकडची पोरगी माझ्या वर्गात आली. वर्षाच्या शेवटी मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या. त्यांनी तिला फळ्यावरचं गणित विचारलं. ती पटकन म्हणाली, "माका येता."

"माका? माका म्हणजे काय?"

मोठ्या बाईंनी टेबलावरची पट्टी उचलून माझ्या हातात दिली. "द्या दोन हातावर. तुम्हाला ठाऊक आहे बाई, मार खाल्ल्याशिवाय जीभ वळत नाही."

पोरीनं हात पुढे केला. आपणहून. तळवा वर.

खरं सांगते, माझा हात उठत होता. पट्टीची मूठ आवळली गेली होती. मोठ्या बाई बघत होत्या, थोडंसं हसत. त्यांना बरं वाटायला पाहिजे होतं. आणि मला मोरीतून उठून आलेली आये दिसली. ती जिथं उभी असायची तिथं मी उभी होते.

मी पट्टी टेबलावर ठेवली. "नाही मारणार."

"काय म्हणालात?"

"नाही मारणार. तिला गणित येतंय. ती तेच सांगतेय."

"मग मला मारावं लागेल." त्यांनी पट्टी घेऊन हात वर केला. मी त्यांचं मनगट धरलं. वरच्या वर. बांगडी माझ्या तळव्यात फुटली. मी सोडलं नाही. म्हटलं, "माझ्या वर्गातल्या पोरीला हात लावून बघा. पुढचं काय होईल ते होईल."

पट्टी खाली पडली. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. घाबरलेली, वयस्कर बाई. मला तो चष्मा फोडावासा वाटला नाही. मी मनगट सोडलं आणि पोरीला म्हटलं, "जा, फळ्यावर सोडव."

दुसऱ्या दिवशी मेमो. मग निलंबन. मग चौकशी. शाळेच्या संचालकांपैकी तिघे टेबलापलीकडे बसलेले. मी त्या पहिल्या दिवसापासून सगळं लिहून नेलं होतं. पाणी, राखीव जागा, पट्टी, सगळं. शिक्षणाधिकाऱ्यांना एक प्रत दिली होती. त्या तिघांतले एक साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, मुख्याध्यापिकेच्या अंगावर हात टाकलात तुम्ही. दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या. प्रकरण इथंच मिटवू."

माफी मी आयुष्यात एकीचीच मागितली. माझ्या मुलीची. मी तिला म्हटलं, मी तुझा हात मोडला, तू माझ्यावर चिडून राहिलीस तरी चालेल. ती अजून कधी कधी चिडते. तिचा हक्क आहे तो. मी तिला विसर म्हणत नाही.

साहेबांना मी म्हटलं, "माफीनामा मिळणार नाही."

सात महिन्यांनी, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आल्यावर, त्यांना मला परत घ्यावं लागलं. पण वर्ग काढून घेतला. चित्रकला आणि कवायतीचे तास दिले. दिले ते मी घेतले. मैदानात उभी राहून मी माझ्या आवाजात, माझ्या बोलीत हुकूम देते. मोठ्या बाई खिडकीतून बघतात.

बघू देत. आमच्या पोरांना मारायला आमचेच हात लागतात यांना. तो हात आता मिळायचा नाही. माझ्या पोरीवर नाही, दुसऱ्या कुणाच्या पोरीवर नाही. यापुढं ज्याला मारायचं असेल त्यानं स्वतः समोर यावं. मी मनगट धरायला उभी आहे.