वैशाखातला जेठ

पिल्लाला पहिली लस टोचून झाल्यावर दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला होता, "कार्ड खतम हैं, अगली बार बना देंगे. दूसरी सुई जेठ के पहले मंगल के अगले दिन. मंगल को तो हम लोग भंडारे में रहेंगे." मग माझ्या मुलीला म्हणाला, "और बिटिया, तब तक इसे सड़क पर मत उतारना."

नवऱ्याची बँकेतून लखनौला बदली होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. इंदिरा नगरात मुलीला अजून कोणी मैत्रीण नव्हती, म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरात ज्येष्ठाचा पहिला मंगळवार शोधला आणि त्याला लागून आलेल्या बुधवाराभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. मोजले असते तर पाच आठवडे भरत होते, आणि दुसरी लस तीन-चार आठवड्यांत द्यायची असते. मी मोजले नाहीत. छापलेल्यावर माझा फार विश्वास.

एका मंगळवारी आमच्या चौकात मांडव पडला. शेजारीण पुरी-भाजीचा द्रोण घेऊन दारात आली. "लीजिए भाभी, बड़ा मंगल है. जेठ का पहला मंगल."

"हमारे यहाँ तो अभी वैशाख है," मी म्हणाले आणि तिला समजावून सांगितलं, की तुमचा महिना पुनवेनंतर बदलतो, आमचा अमावास्येनंतर. म्हणून तुमचा जेठ पंधरा दिवस आधी लागतो.

"अरे वाह! भाभी तो पंडितजी की छुट्टी करवा देंगी," ती हसली.

मलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझं बोलणं कोणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. द्रोण मी ओट्यावर ठेवला. वर भिंतीवर कॅलेंडर होतं, पायाशी पिल्लू उड्या मारत होतं. तरी कंपाउंडरने सांगितलेला बुधवार उद्याच आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

जेठातल्या दर मंगळवारी तिथे मांडव पडतो; पुढच्या मंगळवारी मुलगी पिल्लाला कडेवर घेऊन तिथे सरबत आणायला गेली. ग्लास धरायला हात मोकळा हवा, म्हणून तिने त्याला क्षणभर खाली ठेवलं. तिथे उष्टे द्रोण पडले होते, गल्लीतली कुत्री ते चाटत होती.

शनिवारी त्याने दूध पिणं सोडलं. संध्याकाळपर्यंत उलट्या आणि रक्ताची हगवण. डॉक्टर म्हणाले, "पार्वो लगता है. दूसरी सुई लगी थी?"

"वो तो इस बुधवार को..." मी म्हणाले, आणि मला शेजारणीचा द्रोण आठवला.

सलाईनची बाटली धरून उभा असलेला कंपाउंडर हळूच म्हणाला, "हमने तो उस बुधवार निकालकर रखी थी, मैडम."

सोमवारी सकाळी ते गेलं. मी डॉक्टरांना विचारलं, वेळेवर आणलं असतं तर? ते म्हणाले, "शायद बच जाता. शायद."

मुलगी दोन दिवस ताटावरून नुसती उठत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि पुन्हा ओट्याकडे वळायचे.

बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, मीच खाली ठेवलं होतं ना? एका मिनिटासाठी."

ती अकरा वर्षांची आहे. दोन दिवस ती हेच घेऊन फिरत होती, आणि मला ते दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. फरशीवर बसून तिला तो लाल गोल दाखवला. तो आजच्याच तारखेभोवती होता. मग दोन्हीकडचे महिने सांगितले, कंपाउंडर काय म्हणाला होता ते सांगितलं, आणि शेजारणीशी झालेलं बोलणंही.

तिने त्या गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

तिने कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं, परत खिळ्याला लावलं. दुपारी तिने आपलं ताट आपण वाढून घेतलं, आणि माझ्याकडे पाठ करून जेवली.