बिकाश आज पिंपळगावला आला

मंडळी, दुपारपासून मी थक्क होऊन बसलेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

बिकाश गुवाहाटीचा. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिबिरात भेटलो, तेव्हापासून आमचं प्रेम फोनवरच चाललंय, तेही हिंदीत. आज तो पहिल्यांदा आमच्या घरी येणार होता. पप्पांना हे पसंत नव्हतं. "त्याची भाषा येत नाय, माणसं माहीत नाय, बोलायचं काय त्याच्याशी?" असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

बिकाश आला, आईच्या पाया पडला आणि पप्पांना म्हणाला, "काका, बागेत औषध मारून झालं का? पाठ लय दुखत होती ना तुमची?"

उच्चार वाकडेतिकडे, पण मराठी आमच्याच घरातली. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे.

"कुठं शिकलास रे?" पप्पांनी विचारलं.

"ही फोनवर असली की मागं तुमी बोलता ना, ते ऐकून. नाय कळलं तर एका मराठी मित्राला विचारायचो."

दोन वर्षं मला वाटत होतं, तो फक्त माझंच ऐकतोय.

पप्पा उठले. मग पायात चप्पल घालत म्हणाले, "चल, तुला द्राक्षबाग दाखवतो." मला कुणी बोलावलंसुद्धा नाही. ऊन उतरल्यावर दोघं परतले, तेव्हाही पप्पाच बोलत होते.

पुढचं काहीच ठरलेलं नाही. पण तुमच्यासाठी कुणी असं तुमचं अख्खं घर ऐकलंय का कधी?