पहिली घंटी बापूसाहेबांची

टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं हातातून जातं, त्यातलं थोडं बोटांना चिकटतंच! माझ्या बोटांना सहा वर्षं चिकटलं. धुऊनही जात नाही, म्हणून सांगतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. घाटाखालच्या एका कापूसबाजाराच्या गावात जिनिंग-प्रेसिंगची मोठी पेढी होती. बाहेरून येणाऱ्या तीन लाइनी, आत सात टेबलं, आणि मधे बोर्डावर मी, रामदास गवई, राहणार सोनाळा. मुंबईच्या व्यापाऱ्यानं तिन्हीपैकी कोणताही नंबर मागितला तरी फोन आधी माझ्याकडे. तो पुढे कुणाच्या टेबलावर द्यायचा ते मी ठरवायचं. निदान नोकरीला लागलो तेव्हा मला तसं वाटलं होतं.

*

मालक दोघे भाऊ. थोरले बापूसाहेब, धाकटे आप्पासाहेब. धंदा सगळा आप्पासाहेब बघायचे. पण पेढीचा नियम असा, की बाहेरचा प्रत्येक फोन आधी बापूसाहेबांच्या खोलीत वाजवायचा. चांगल्या दहा घंट्या! तिथे कुणी उचलला नाही तरच आप्पासाहेबांना. थोरल्याचा मान होता तो.

एकदा मुंबईचा ट्रंक कॉल आला. बापूसाहेब सोयऱ्यांकडे उंद्रीला गेलेले. मी रिकाम्या खोलीत इमानदारीत दहा घंट्या वाजवल्या. तोवर तिकडे व्यापारी तापला. "अहो, तुमच्याकडे माणसं राहतात की भुतं?" म्हणाला आणि फोन आपटला. कापसाच्या शंभर गाठी दुसऱ्या पेढीला गेल्या.

बापूसाहेब परतल्यावर मी विचारलं, "साहेब, तुम्ही गावात नसाल तेव्हा थेट आप्पासाहेबांना देऊ का?"

"काऊन बे? घंटी पह्यले माह्या खोलीत वाजली पाह्यजे. उचलाले कोनी असो का नसो!"

दुसऱ्या दिवशी त्या खोलीबाहेर चौकीदार बसला. फोन उचलायला नाही. घंट्या दहा होतात की नऊ, ते मोजायला!

*

पुढे भावाभावांचं बोलणं बंद झालं. खोल्या शेजारी, मधे लाकडी पार्टिशन. पण निरोप बोर्डावरून!

"रामदास, त्याले विचार, उद्या प्रेस चालू ठेवाची का?" आप्पासाहेब.

"जोडून देऊ का, साहेब?"

"जोडू नको. तू विचार."

मी विचारलं. बापूसाहेब इतक्या जोरात "ठेवा म्हना!" ओरडले, की पार्टिशन हाललं. मी पुन्हा आप्पासाहेबांची घंटी वाजवली.

ते म्हणाले, "ऐकलं मी. तरी तू सांग!"

*

फोनवर मी शुद्ध बोलायचो. मुंबईचे लोक मला गवईसाहेब म्हणायचे. एक बडा व्यापारी गावात आला आणि म्हणाला, "तुमच्या त्या गवईसाहेबांना भेटायचंय. काय गोड आवाज!"

मॅनेजर माझ्याकडे बघत म्हणाला, "ते आज रजेवर आहेत."

मी बोर्डावरच बसलो होतो. चहा आला, तो त्या दोघांपुरताच.

*

बंगल्यावरही एक फोन होता. बापूसाहेबांच्या मंडळी, वहिनीसाहेब, दिवसातून दहादा बोलायच्या. "रामदासभाऊ, जरा डाक्टरले लावून द्या ना." आवाजात सख्ख्या बहिणीची माया! मला कधी पाहिलं नव्हतं.

एकदा तो फोन बंद पडला. तार सुटली असणार, म्हणून मॅनेजरनं मलाच पाठवलं. वर बजावलं, "मागच्या दारानं जा, आणि तोंड उघडू नको, आवाज ओळखतील." आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, हे पेढीत सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी हवी होती. मी मुकाट गेलो, तार जोडली, मुकाट परत आलो.

बोर्डावर बसतो न बसतो तोच बंगल्याची घंटी.

"रामदासभाऊ, फोन झाला बरं चालू! तुमी धाडलेला मानूस मोठा हुशार. गेल्यावर फोन धुऊनपुसून घेतला मी, मागच्या दारानं आलेल्याचा हात लागला होता ना!"

"बरं केलंत, वहिनीसाहेब," मी म्हणालो. याची लाज मला आजही वाटते. त्यांच्यापेक्षा स्वतःची जास्त.

*

त्याच महिन्यात मी सरकारी टेलिफोन खात्यात अर्ज टाकला. परीक्षा पास झालो, मुलाखत झाली. पक्की नोकरी, क्वार्टर, पेन्शन! बायकोनं सोनाळ्याहून न्यायची भांडी वेगळी काढून ठेवली. एकच गोष्ट उरली होती. मी इथे काम केलंय, याची खातरी करायला खात्याचा फोन पेढीत येणार होता.

मी बापूसाहेबांच्या कानावर घातलं. ते हसले. "जा ना बा, तुले कोन अडवते? पन मंग बोर्ड कोन पाहीन?"

चार दिवसांनी फोन आला. आप्पासाहेब खोलीत होते. त्यांना दिला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण सहा वर्षांची सवय! हात आपोआप थोरल्यांच्या खोलीकडे गेला. त्यांनी तिसऱ्याच घंटीला उचलला.

कुणाचं बोलणं ऐकायचं नाही, हा बोर्डाचा नियम. त्या दिवशी मी ऐकलं.

"आपल्याकडे रामदास गवई नावाचे ऑपरेटर आहेत ना?" तिकडून खात्याच्या साहेबांनी विचारलं.

"गवई?" बापूसाहेब म्हणाले. "नाही बा. असा कोनी मानूस आमच्याइथं नाही."

"कधी होते का?"

"कधीच नोता."

साहेबांनी आभार मानले. लाइन सुटली. मी बोर्डातली जोडणीची दोरी काढायच्या आत बापूसाहेबांच्या खोलीतून बोर्डावर घंटी आली.

"जी, साहेब."

"रामदास, मुंबई मांग बरं जरा. तुह्या हातानं लवकर लागते!"

मी मुंबई मागितली. त्या दिवशी ती खरंच लवकर लागली.